शाश्वत खाद्यपदार्थांच्या विद्यार्थी स्पर्धेची तयारी : काजूच्या बोंडाच्या उदाहरणासह

युरोपात ‘इकोट्रोफेलिया’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. देशोदेशीच्या फेऱ्यांत पहिले आलेले संघ तिच्या अंतिम फेरीत आपला पर्यावरणपूरक खाद्यपदार्थ सादर करतात. तिकडे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठाच्या संघातून तिथे उतरता येते. महाराष्ट्रात विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन महोत्सवात असा प्रकल्प मांडता येतो. दोन्हींचे नियम वेगळे असल्यामुळे माहितीपत्रक संपूर्ण संघाने आधी वाचावे. मात्र कोणत्याही परीक्षकाचा कळीचा प्रश्न एकच असतो : तुमचा पदार्थ शाश्वत आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता? त्याचे उत्तर पहिल्या दिवसापासूनच्या नोंदींतून तयार होते.

सुरुवात पदार्थाच्या नावापासून न करता वाया जाणाऱ्या मालापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. काजूचे बोंड घ्या. बोंडाचे वजन त्याला लगडलेल्या बीच्या अनेक पट असते. गोव्यात त्यापासून उर्राक आणि फेणी ही मद्ये होतात, पण कोकणातील बागांत बी काढून घेतल्यावर बोंडांचा मोठा भाग झाडाखालीच कुजतो. रसातील क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते. असे असूनही त्याला बाजार मिळत नाही, कारण बोंड नाजूक असते, तोडल्यावर दिवसभरातच उतरू लागते आणि त्याचा तुरटपणा घशाला खवखवतो. ही कारणे कागदावर लिहून काढा. तुमच्या पदार्थाने त्यांपैकी निदान एक तरी दूर केले पाहिजे. एखाद्या बागायतदाराकडे जाऊन बोंडे किती निघतात, ती कोण गोळा करील आणि किलोमागे किती मजुरी पडेल, हे विचारून या. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात काजूवर अनेक वर्षे काम झाले आहे. तिथले प्रकाशित साहित्य वाचल्याशिवाय प्रयोगाला हात घालू नये.

प्रयोगशाळेत पहिली काळजी बी वेगळी करताना घ्यावी, कारण टरफलातील तेल त्वचेला भाजते आणि ते रसात उतरता कामा नये. तुरटपणा रसातील टॅनिन या द्रव्यामुळे येतो. तो कमी करण्यासाठी बोंडे वाफवता येतात किंवा काढलेल्या रसात शिजवलेल्या साबुदाण्याची पेज मिसळून, गाळ तळाशी बसू देऊन वरचा रस काढून घेता येतो. जिलेटिननेही रस निवळतो. परंतु ते प्राणिजन्य असल्याने शाकाहारी ग्राहक दुरावतो, म्हणून मी साबुदाण्याची बाजू घेईन. प्रत्येक बॅचचा पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप (आकडा कमी तितका आंबटपणा जास्त), मोजून वहीत लिहावा. तो ४.६ च्या खाली राहिला, तर बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूची वाढ होत नाही. तरी यीस्ट आणि बुरशीसाठी पाश्चरीकरण, म्हणजे रस ठरावीक तापमानाला तापवणे, लागतेच. उष्णतेने क जीवनसत्त्व घटते, त्यामुळे ताज्या रसाचा आकडा तयार पेयाच्या वेष्टनावर छापू नये. तयार पदार्थाचीच तपासणी करून घ्यावी.

रस काढल्यावर उरलेल्या चोथ्याची पूड करून ती बिस्किटांत घालण्याची कल्पना बहुतेक संघांना सुचते. ती चांगली आहे, पण तिचा ऊर्जेचा हिशेब मांडावाच लागतो. समजा, १० किलो चोथ्यात ७० टक्के पाणी आहे आणि पुडीत १० टक्केच ठेवायचे आहे. घन भाग ३ किलो, म्हणजे पूड सुमारे ३.३ किलो मिळेल आणि ६.७ किलो पाणी उडवावे लागेल. एक किलो पाण्याची वाफ करायला किमान ०.६३ युनिट ऊर्जा लागते, म्हणून एकूण ४.२ युनिट झाले. प्रत्यक्ष ट्रे ड्रायरमध्ये उष्णता वाया जात असल्याने वीज याहून बरीच जास्त जळते. चोथा आधी दाबयंत्रात पिळला किंवा सौर वाळवणी यंत्र वापरले, तर हा आकडा किती उतरतो, ते मोजून दाखवा. पाणी, वाहतूक आणि वेष्टन यांचाही असाच हिशेब ठेवा. अनेक थरांची चकचकीत पिशवी पुनर्वापरात आणणे अवघड असते. परतीच्या काचेच्या बाटलीचे वजन वाहतुकीचे इंधन वाढवते. निवड कोणतीही करा, तिची किंमत लपवू नका.

चव-परीक्षणाला मित्रमंडळींची वाहवा उपयोगी पडत नाही. नमुन्यांना तीन अंकी सांकेतिक क्रमांक द्यावेत, प्रत्येकासाठी क्रम बदलावा, दोन नमुन्यांमध्ये पाण्याने चूळ भरायला सांगावी आणि नऊ बिंदूंच्या आवड-मापनावर (१ म्हणजे अजिबात आवडले नाही, ९ म्हणजे अतिशय आवडले) गुण घ्यावेत. बाजारातील एक मिळताजुळता पदार्थही त्यांत ठेवावा.

वेष्टनावरील दावे एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत बसले पाहिजेत. घन पदार्थाला ‘तंतूंचा (फायबरचा) स्रोत’ म्हणायचे, तर १०० ग्रॅममध्ये किमान ३ ग्रॅम आणि ‘तंतूंनी समृद्ध’ म्हणायचे, तर ६ ग्रॅम तंतू लागतात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावेत.

सादरीकरणात बोंडांचा हंगाम उन्हाळ्यापुरताच असल्याचा प्रश्न हमखास येतो. उरलेले महिने कारखाना काय करणार, याचे उत्तर तयार हवे : रस साठवणार असाल, तर त्याचा खर्च किमतीत धरा, किंवा त्याच यंत्रांवर पुढे कोकम आणि जांभूळ घेणार असाल, तर त्यांची आवक कुठून होईल ते सांगा. परीक्षकांना चाखायला द्यायचा नमुना आदल्या दिवशी खास वेगळा बनवू नये. ज्या बॅचचे आकडे फलकावर लावले आहेत, त्याच बॅचची बाटली त्यांच्यासमोर उघडावी.