वायरलेस वेगळं केलंय? आधी या चुका तपासा

प्लांटमध्ये यंत्रं चालवणाऱ्या पीएलसी (औद्योगिक कंट्रोलर) असलेल्या नेटवर्कपासून वायरलेस वेगळं ठेवायचं असतं. पण वाय-फायला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला की नेटवर्क वेगळं झालं, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. अ‍ॅक्सेस पॉइंटची (वाय-फाय देणाऱ्या डब्याची) केबल पीएलसीच्याच स्विचमध्ये खोचलेली असेल, तर टॅबलेट आणि पीएलसी एकाच नेटवर्कवर आहेत, नाव काहीही असो. त्यात साधा मॉडबस टीसीपी, म्हणजे पीएलसीशी बोलायची नेटवर्कवरची भाषा, पासवर्ड विचारतच नाही. ५०२ पोर्टपर्यंत, म्हणजे मॉडबसच्या दारापर्यंत, जो पोचला, त्याचा हुकूम पीएलसी पाळतो.

व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगळे नेटवर्क) केले म्हणजे सुटलो, असंही नाही. लेअर ३ स्विचवर (जो राउटरचंही काम करतो) दोन्ही व्हीलॅनना आयपी दिला आणि राउटिंग चालू राहिलं, तर पॅकेट आरामात इकडून तिकडे जातं. मधे फायरवॉल हवी आणि तिच्यात नेमक्या गरजेपुरत्याच परवानग्या. कमिशनिंगच्या (प्लांट पहिल्यांदा सुरू करण्याच्या) घाईत ‘तात्पुरता’ घातलेला ‘सगळ्यांना सगळं’ हा नियम तर हमखास तसाच राहतो. तो आधी शोधा.

तपासणी सोपी आहे. लॅपटॉप वायरलेसवर जोडा आणि विंडोजच्या पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन (Test-NetConnection) कमांडने पीएलसीचा ५०२ पोर्ट उघडतो का बघा. पिंग (‘आहेस का?’ अशी नेटवर्कवरची हाक) लागत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. पिंग बंद असूनही पोर्ट उघडा असू शकतो. मात्र ऑपरेटरला सांगून, एकच पोर्ट तपासा. चालू प्लांटवर सगळ्या पोर्टचा पूर्ण स्कॅन कृपा करून लावू नका, जुने पीएलसी त्यानेच अडकतात.

वायरलेस टॅबलेट मधूनच अडखळतो, तेव्हा अँटेना बदलण्याआधी वायरच्या बाजूचा ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवलेले संदेश) बघा. नेटवर्क सपाट, म्हणजे भाग न पाडलेलं, असेल तर तो सगळा हवेत जातो, तोही सगळ्यात कमी वेगाने, आणि चॅनेल अडवून ठेवतो.

लॅपटॉपची केबल पीएलसीला आणि वाय-फाय ऑफिसला, ही सवय मोडाच. तो लॅपटॉप फायरवॉलला वळसा घालणारी वाट असतो.

वायरलेस म्हणजे फक्त वाय-फाय नव्हे, रेडिओ मोडेमही त्यातच आले. ऑस्ट्रेलियातल्या मरूची इथे २००० साली एका माणसाने रेडिओवरूनच सांडपाण्याच्या पंपांना चुकीचे हुकूम दिले आणि सुमारे ८ लाख लिटर मैला ओढ्यांत, बागांत सांडला.

आणि एक, जे फार उशिरा लक्षात येतं: रात्री स्विच जळतो, कपाटातला नवा लावतात, प्लांट सुरू होतो. त्या नव्या स्विचचे सगळे पोर्ट बहुधा व्हीलॅन १ मध्येच असतात, म्हणजे वायरलेस आणि पीएलसी पुन्हा एकत्र. अलार्म वाजत नाही, स्क्रीनवर सगळं हिरवं. म्हणून स्पेअर स्विचमध्ये कॉन्फिगरेशन आधीच भरून ठेवा, आणि तो लावल्यावर ५०२ची तपासणी त्याच शिफ्टमध्ये पुन्हा करा.