समरला बाहेरच्या युनिव्हर्सिटीत फेलोशिप पाहिजे? मग दिवाळीत फराळ कमी, मेल जास्त

दरवर्षी एप्रिल उजाडतो, सोलापुरात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि माझ्या व्हॉट्सअॅपवर मेसेज चालू होतात, दादा समर फेलोशिपला बाहेर जायचंय, फॉर्म कुठं भरायचा. आणि मी दरवर्षी तेच उत्तर देतो की बाबा तुझी गाडी नोव्हेंबरमध्येच सुटली, आता पुढच्या वर्षीच्या तयारीला लाग. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. पहिल्या वर्षी मी स्वतः असाच मार्चमध्ये जागा झालो होतो आणि हात हलवत परत आलो. दुसऱ्या वर्षी वेळेवर सुरुवात केली, जर्मनीला जाऊन आलो. माझी मैत्रीण मायक्रोबायोलॉजीची, ती इस्राएलला रेहोवोतला गेली, तिच्याकडून ऐकलेलंही यात आहे.

तारखा पाठ करायची एक सोपी युक्ती सांगतो, आपले सण धरा. गणपतीच्या आसपास कॅनडाचं मायटॅक्स ग्लोबलिंक, त्याची मुदत साधारण सप्टेंबरात संपते, त्यात प्रोजेक्टची यादी असते आणि आपण पसंतीक्रम द्यायचा, बारा आठवड्यांची इंटर्नशिप. दिवाळीला जर्मनीची वाईज, म्हणजे तिथल्या डाड (DAAD) संस्थेची समर इंटर्नशिपची स्कॉलरशिप, तिची तारीख बहुतेक वेळा १ नोव्हेंबर असते, पण खरी गोम अशी की अर्ज करायच्या आधी तिथल्या प्रोफेसरचं बोलावणं हातात पाहिजे, म्हणजे प्रोफेसर शोधायचं काम ऑगस्ट-सप्टेंबरातलं. आणि जानेवारीत आपण सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत पाळण्यात बसलेलो असतो तेव्हा सर्न या जिनिव्हाच्या फिजिक्सच्या मोठ्या प्रयोगशाळेच्या समर स्टुडंट प्रोग्रामचे अर्ज चालू असतात, फिजिक्स, कॉम्प्युटर, इंजिनिअरिंगवाल्यांसाठी, ते महिनाअखेर बंद होतात. तारखा एखाद आठवडा मागंपुढं होतात, त्या वर्षीचं पान उघडून बघायचंच.

इस्राएलचं विचाराल तर वाइझमन इन्स्टिट्यूटचा कुपसिनेट-गेट्झ म्हणून समर स्कूल आहे, जगभरातल्या पदवीच्या पोरांसाठी, लॅबमध्ये बसून खरं रिसर्च करायचं. रेहोवोत हे गाव तेल अवीवच्या दक्षिणेला, आणि ही संस्था काही साधीसुधी नाही, २००९ चं केमिस्ट्रीचं नोबेल आपल्या व्यंकटरामन रामकृष्णन यांच्याबरोबर ज्या आडा योनाथ यांना मिळालं त्या इथल्याच. सगळं काम इंग्रजीत चालतं, हिब्रू आली नाही तरी अडत नाही. फक्त एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघा. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रं याच कॅम्पसवर पडली, लॅब जळाल्या, आणि त्याच महिन्यात भारत सरकारला ऑपरेशन सिंधू करून आपली माणसं तिथून काढावी लागली. त्यामुळं त्या वर्षी प्रोग्राम आहे का, परराष्ट्र मंत्रालयाची सूचना काय म्हणते हे बघितल्याशिवाय तिकीट काढू नका. घरच्यांपासून लपवूनही ठेवू नका, त्यांना यूट्यूबवरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

अजून एक, नियम पूर्ण वाचा. माझा एक ज्युनिअर महिनाभर जीव काढून मेल लिहीत बसला आणि नंतर कळलं की त्याची डिग्री तीन वर्षांची म्हणून तो पात्रच नाही. कुठलं सेमिस्टर, कुठली डिग्री, कॉलेज यादीत बसतं का, हे पहिल्या पाच मिनिटांत बघून घ्यायचं.

आता मेल. सगळा खेळ इथं आहे आणि सगळे इथंच माती खातात. रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी पॅशनेट, असं लिहून शंभर जणांना एकाच वेळी पाठवायचं आणि मग म्हणायचं फॉरेनवाले रिप्लाय देत नाहीत. का देतील बे? त्यांना असले मेल रोज येतात. मी पहिल्या वर्षी साठ पाठवले, दोन उत्तरं आली, दोन्ही नकार. दुसऱ्या वर्षी चौदाच पाठवले, पण प्रत्येकासाठी त्या प्रोफेसरचा एक पेपर वाचला, सगळा नाही कळला, कोणाला कळतो, पण त्यातली एक आकृती, एक पद्धत धरून प्रश्न विचारला. पाच उत्तरं आली. मेल आठ-दहा ओळींचा, त्याहून मोठा नको. पहिल्या ओळीत तुम्ही कोण आणि कधीपासून कधीपर्यंत येऊ शकता, मग त्यांच्या कामातली ती एक गोष्ट, मग तुम्ही हातानं काय केलंय, पीसीआर लावलाय, पायथनमध्ये काही लिहिलंय, टायट्रेशन तरी नीट येतं, जे असेल ते खरं, आणि शेवटी पैशाचं स्पष्ट, की मी अमुक फेलोशिपला अर्ज करणार आहे, स्टायपेंड तिकडून मिळेल, तुमच्याकडून फक्त जागा आणि एक पत्र हवं. ही शेवटची ओळ वाचून प्रोफेसरचा जीव भांड्यात पडतो. सीव्ही एक पानाचा पीडीएफ. आणि मेल आयडी सरळ नावाचा करा, किंगऑफसोलापूर वगैरे अकरावीत ठीक होतं.

वेळसुद्धा बघा. युरोपला शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला मेल सोमवारी ढिगाऱ्याखाली असतो. इस्राएलमध्ये उलटं आहे, तिथं आठवडा रविवारी सुरू होतो आणि शुक्रवार-शनिवार सुट्टी. घड्याळात त्यांच्यात आणि आपल्यात उन्हाळ्यात अडीच तासांचा आणि हिवाळ्यात साडेतीन तासांचा फरक. दहा दिवस उत्तर नाही आलं तर एकदा, फक्त एकदा आठवण करायची, मग सोडून द्यायचं.

शिफारसपत्राची गंमत वेगळीच. आपल्याकडं सर म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो. बाहेरच्या बऱ्याच फॉर्मना हे चालत नाही, तिथं थेट सरांच्या मेलवर लिंक जाते आणि त्यातही कॉलेजचा अधिकृत आयडी मागतात, आणि आपले निम्मे सर जीमेलवर. माझ्या वेळी फॉर्मनं सरांचा जीमेल घेतलाच नाही, शेवटच्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसून आयडी तयार करून घेतला. तेव्हा सप्टेंबरातच सरांना विचारा की सर तुमचा कॉलेजचा आयडी चालू आहे का आणि पासवर्ड आठवतो का, दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आणि सरांना आयतं लिहून देण्याऐवजी एक कागद द्या, त्यावर कुठल्या प्रॅक्टिकलला तुम्ही काय केलं, कुठला प्रोजेक्ट, काय फसलं आणि मग कसं सुधारलं. त्यातून सर चार ओळी स्वतःच्या लिहितात आणि त्या वाचताना लगेच कळतं की हा माणूस या पोराला खरंच ओळखतो.

मग येतं ते एसओपी, म्हणजे तुम्हाला का घ्यावं हे. इथं सोलापूरची पोरं उगीच लाजतात. लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती ही ओळ पहिली खोडा. तुमच्याकडं जे आहे ते दिल्ली-मुंबईच्या पोरांकडं नाही. डाळिंब घ्या. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि तेल्या आला की बागच्या बाग काढून टाकणारा शेतकरी तुमच्याच नात्यातला कोणीतरी असतो. तेल्या म्हणजे बॅक्टेरिया, झँथोमोनास. माझ्या मैत्रिणीनं पहिल्या परिच्छेदात फक्त हेच लिहिलं की मामाच्या बागेत फळावर तेलकट डाग कसे दिसायला लागले, मामानं काय काय फवारलं आणि काहीच का चाललं नाही, आणि मग म्हणून मला झाडाची प्रतिकारशक्ती शिकायचीय. बस. इस्राएलवाल्यांना कोरडवाहू प्रदेश, ठिबक हे सगळं समजावून सांगावं लागत नाही, ठिबकची नेटाफिम कंपनी १९६५ मध्ये तिथल्याच हात्झेरीम किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीत सुरू झालेली. टेक्स्टाईलवाल्यांनी चादरीच्या डाइंगच्या पाण्यावर लिहावं, डेटावाल्यांनी उजनीच्या पाण्यावर. फक्त रडगाणं लिहू नका. प्रश्न लिहा आणि तुम्ही त्यातला कुठला छोटा तुकडा उचलणार ते लिहा.

सीव्ही अगदीच रिकामा असेल तर आधी भारतातलं एक समर करा. तीन विज्ञान अकादमी मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिन्यांची, अर्ज नोव्हेंबरच्या सुमाराला. आयआयएससी किंवा आयसरसारख्या संशोधन संस्थेत उन्हाळा काढलेला पोरगा पुढच्या वर्षी बाहेर अर्ज करतो तेव्हा चित्र वेगळं असतं. दुसऱ्या वर्षाला असाल तर सरळ हाच रस्ता धरा.

इंटरव्ह्यू झूमवर, वीस मिनिटं. एकच सल्ला देतो, तो दिवस पाणी यायचा दिवस आहे का बघा. हसू नका. चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि नेमकं आलं की खाली मोटर, वर टाकी, आई बादल्या घेऊन पळतेय आणि पलीकडं प्रोफेसर विचारतोय की तुमच्याकडं काही मशिनरी चालू आहे का. माझं झालंय असं. आता ज्युनिअरना मी मित्राच्या घरी नाहीतर कॉलेजच्या लायब्ररीत बसायला सांगतो, मोबाईलचं हॉटस्पॉट बॅकअपला. आणि जे येत नाही त्याला येत नाही म्हणा, गोल गोल उत्तर त्यांना लगेच कळतं.

पैशाचं नीट समजून घ्या कारण इथंच फसवणूक होते. फेलोशिप म्हणजे ते तुम्हाला देतात. जे लाखभर रुपये घेऊन दोन आठवडे कॅम्पस दाखवून सर्टिफिकेट देतात ते समर स्कूल नावाची सहल आहे, हौस असेल तर जावं, पण सीव्हीवर तिला फेलोशिप म्हणू नये. एक एजंट माझ्याकडं गॅरंटीड सिलेक्शनचे चाळीस हजार मागत होता. खऱ्या फेलोशिपमध्येसुद्धा कुठं स्टायपेंड आणि राहायचं मिळतं पण विमान आपलं, कुठं प्रवासाची ठरावीक रक्कम मिळते पण ती नंतर. म्हणजे सुरुवातीचा खर्च खिशातूनच, तेवढी सोय मार्चपर्यंत करून ठेवा.

पासपोर्ट नसेल तर आजच. साधी फी १५०० रुपये, तत्कालला वरून २००० आणखी, आणि पोलीस व्हेरिफिकेशनला पत्ता जुळला नाही की लटकलं. अमेरिकेचं असेल तर तिथली युनिव्हर्सिटी डीएस-२०१९ नावाचा फॉर्म पाठवते, मग जे-१ व्हिसा, त्यात सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे २२० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे १८५ वेगळे, आणि मुलाखतीला मुंबईत बीकेसीला जायचं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी पोचतो, पण गाडी लेट होते, म्हणून आदल्या दिवशीच जा. युरोपला ९० दिवसांच्या आत आणि बाहेर असे व्हिसाचे दोन वेगळे प्रकार पडतात, त्यामुळं प्रोफेसरशी तारखा ठरवतानाच मोजून घ्या. आणि आपली परीक्षा. ती लांबत लांबत मे-जूनपर्यंत जाते आणि तिकडं काम मेमध्ये सुरू, तेव्हा जानेवारीतच लिहा की मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून येऊ शकतो. बहुतेक जण मान्य करतात. मैत्रिणीच्या लॅबमधला एक इस्राएली पोरगा तर उलट हिलाच म्हणाला तुमचं बरं आहे, त्यांचं वर्ष ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतं आणि परीक्षा जुलै-ऑगस्टपर्यंत चालतात, त्यामुळं अमेरिकेतल्या जूनच्या समर फेलोशिपला त्याला जाताच येईना.

इस्राएलला गेल्यावर वयाचा एक धक्का बसतो. आपण वीस वर्षांचे, आणि तिथली पदवीची पोरं बावीस-चोवीसची, कारण बारावीनंतर आधी सैन्यात, मुलगे अडीच वर्षांच्या वर, मुली दोनेक वर्षं, मग बरेच जण गोवा-हिमाचल फिरून येतात आणि मग कॉलेज. प्रोफेसरला नुसत्या नावानं हाक मारतात, भर मीटिंगमध्ये तुझं चुकतंय म्हणतात आणि प्रोफेसर चिडत नाही. या बेधडकपणाला ते खुत्झपा म्हणतात. मैत्रीण पहिला आठवडा सर-सर करत गप्प बसली तर तिच्या मेंटॉरला वाटलं हिला कामात रस नाही. शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक बस बंद, दुकानं बंद, ती थेट शनिवारी रात्री, तेव्हा दूध-ब्रेड गुरुवारीच आणून ठेवायचं. विमानतळावर प्रश्न लई विचारतात, कोण बोलावलं, बॅग कोणी भरली, चिडायचं नाही, बोलावण्याचं पत्र छापील हातात ठेवायचं. आणि मराठी ऐकावीशी वाटली तर कोकणातून गेलेल्या बेने इस्राएली ज्यू लोकांच्या घरात अजून आज्या मराठी बोलतात, मैत्रीण भेटली एका आजीला, पहिला प्रश्न काय तर जेवलीस का.

घरचे इतक्या लांब कशाला म्हणाले तर वाद घालू नका. मी आईला भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकात घेऊन गेलो. १९३८ ला हा आपल्या सोलापूरचा माणूस चीनला गेला होता, बोटीनं, युद्ध चालू असताना. आई म्हणाली तो परत आला का पण. कोटणीस तर तिकडंच वारले, हे मी आधी विचारात घ्यायला पाहिजे होतं. शेवटी बाबांना प्रोफेसरबरोबर दोन मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलायला लावलं तेव्हा काम झालं.

बॅगेचं शेवटचं. कडक भाकरी न्या, महिनाभर टिकते आणि लॅबमध्ये सगळ्यांना आवडते. पण डाळिंबाची रोपं, बिया, माती, रोगट पान असलं काही सॅम्पल म्हणून परवानगीशिवाय नेऊ नका, विमानतळावर अडकाल, आणि मेंटॉरनंच मागितलं असेल तर कागद त्यालाच करायला सांगा. शेंगा चटणी दोन पिशव्यांत बांधून चेक-इनच्या बॅगेत, कागदपत्रांपासून लांब. तेल सुटतं हो तिला. माझ्या बोलावण्याच्या पत्रावर प्रोफेसरच्या सहीच्या बरोबर खाली अजून डाग आहे.