इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार उघडत नाही? आधी चावी, मग बारा व्होल्ट

"भाऊ, गाडी उघडस नही," असा फोन आला की मी गाडीचं मॉडेलसुद्धा नंतर विचारतो. पहिला प्रश्न ठरलेला: दुसरी चावी कुठे आहे? घरात असेल तर ती आणा आणि तिने उघडून बघा. दुसऱ्या चावीने गाडी उघडली, तर बिघाड पहिल्या चावीत आहे. दोन्ही चाव्यांना गाडी दाद देत नसेल, तर बिघाड बहुधा गाडीत आहे. इथेच निम्मं काम होतं, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

मी जळगावात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. गेल्या काही वर्षांत आपल्या भागातही इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या, आणि सराफ्यातल्या, केळीच्या व्यापारातल्या काही मंडळींनी हौसेने दोन दारांच्या स्पोर्ट्स गाड्याही घेतल्या. कंपनीचं वर्कशॉप मात्र लांबच्या शहरात. तिथून माणूस येईपर्यंत किंवा गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी वर घेऊन जाणाऱ्या सपाट ट्रकवर, चढेपर्यंत दिवस जातो. म्हणून घरच्या घरी काय तपासता येतं, ते नीट सांगतो.

आधी चावीचं काम कसं चालतं ते समजून घ्या, म्हणजे लक्षणावरून बिघाड ओळखता येईल. तुम्ही हँडलला हात लावला की गाडी कमी फ्रिक्वेन्सीवर, साधारण १२५ किलोहर्ट्झवर, चावीला हाक मारते. ही हाक जेमतेम मीटर-दीड मीटर पोचते. चावी जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास आपला कोड पाठवते. बटण दाबल्यावर मात्र हाकेची गरज नसते, चावी थेट कोड पाठवते. म्हणजे बटणाने गाडी उघडते पण हँडलला हात लावून उघडत नाही, असं असेल तर चावीचा सेल बदलत बसू नका. हँडलचा सेन्सर, गाडीतला अँटेना किंवा सेटिंगमध्ये बंद झालेली 'कीलेस एंट्री' (चावी खिशातच ठेवून गाडी उघडायची सोय) बघा. बटणही चालत नाही आणि हँडलही नाही, तर सेल किंवा गाडीची लॉक चालवणारी लहान, बारा व्होल्टची बॅटरी.

सेलबद्दल सविस्तर लिहितो, कारण खान्देशात तोच जास्त दगा देतो. बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो. त्याला साधारण ६० अंशांपर्यंतचंच तापमान मानवतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला सावलीत पारा ४५ च्या आसपास असतो. उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ६० च्या पुढे सहज जातो. तिथे चावी ठेवून जेवायला गेलात की सेलचं आयुष्य आतल्या आत संपत जातं. वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर चावी ठेवण्याची सवयही तशीच वाईट, तिथेही ती तापते.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर लावा. नवा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. पण नुसता सेल मोजून फसू नका. संपत आलेला सेलही टेबलावर ३ व्होल्ट दाखवतो आणि काम पडलं की बसतो. शक्य असेल तर सेल चावीतच ठेवून, बटण दाबून धरून मोजा. आकडा २.७ च्या खाली घसरला की सेल गेला समजा. चावीतला दिवा लागतोय म्हणजे सेल चांगला, हेही खरं नाही. दिव्याला फार थोडा करंट पुरतो.

चावी उघडताना टेबलावर सुती कापड पसरा. आधी आतली लोखंडी चावी बाहेर काढा, तिच्या खाचेत बहुतेक वेळा झाकण उघडायची जागा असते. स्क्रूड्रायव्हर घालू नका. प्लास्टिकचा पातळ तुकडा किंवा गिटारचं पिक घालून हळू फिरवा, क्लिप 'टक्' करून सुटते. जुना सेल कोणती बाजू वर करून बसला होता, त्याचा फोटो काढा. नवा सेल कडेने धरा, दोन्ही बाजूंना घामाची बोटं लावू नका. आतल्या पितळी पट्ट्या चपट्या झाल्या असतील तर अगदी हलक्या हाताने उचला. काही कंपन्या लहान मुलांनी गिळू नये म्हणून सेलवर कडू लेप देतात. तो लेप काही चाव्यांत संपर्कच होऊ देत नाही. नवा सेल घालूनही चावी मेलेली असेल, तर बिनलेपाचा सेल घालून बघा. सेल फुले मार्केटमध्ये घ्या की गोलाणीत, पण सीलबंद आणि तारीख असलेलाच घ्या. जुना सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका. पोरानं सेल गिळला तर अन्ननलिका जळते, अशा वेळी वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

सेल चांगला आहे तरी गाडी ऐकत नाही, तर आजूबाजूला बघा. चावी आणि मोबाइल एकाच खिशात चिकटून असतील तर वेगळे करा. पॉवर बँक, लॅपटॉप, स्वस्तातला एलईडी किंवा वायरलेस कॅमेरा जवळ असेल तर दूर करा. गाडी लॉकच होत नसेल आणि बीप वाजत असेल, तर दुसरी चावी डिकीतल्या बॅगेत राहिली नाही ना, ते बघा. चावी आत आहे हे कळल्यावर गाडी मुद्दाम लॉक होत नाही, तुमच्याच भल्यासाठी. तेही नसेल तर दार, डिकी आणि पुढचं बॉनेट पुन्हा नीट लावा. दार अडकवणाऱ्या खटक्यातल्या (लॅचमधल्या) छोट्या स्विचवर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बसली की दार बंद असूनही गाडीला ते उघडं वाटतं.

बोअरच्या जड पाण्याने गाडी धुतल्यावर हँडलवर पांढरा थर राहतो. टच सेन्सरच्या हँडलला तो चालत नाही, ओल्या मऊ कापडाने पुसा. गाडी धुताना चावी घरात ठेवा, नाहीतर पाण्याच्या धारेने गाडी सारखी लॉक-अनलॉक होत राहते.

आता बारा व्होल्ट. "भाऊ, बॅटरी तर ८० टक्के होती!" हे मला सगळ्यात जास्त ऐकू येतं. ती ८० टक्के चाकं फिरवणारी मोठी बॅटरी. लॉक, काचा, दाराची मोटर, चावीचा रिसीव्हर हे सगळं बारा व्होल्टच्या वेगळ्या लहान बॅटरीवर चालतं, पेट्रोलच्या गाडीसारखंच. मोठी बॅटरी भरलेली असतानाही लहान बॅटरी बसू शकते. गाडी पंधरवडाभर उभी, त्यात डॅशकॅम थेट जोडलेला, वरून उन्हाळा: एवढं पुरतं. लेड-ॲसिड असेल तर आराम दिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली गेली की संपली. काही गाड्यांत ही बॅटरीही लिथियमची असते. तिचे आकडे वेगळे, आणि तिला गॅरेजमधला जुना चार्जर लावायचा नाही.

अशा वेळी चावीत लपलेली लोखंडी चावी कामाला येते. तिचं कुलूप अनेक गाड्यांत हँडलच्या टोपीखाली असतं. अलार्म वाजला तर घाबरू नका. पण स्पोर्ट्स गाडीची एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्या काचेला चौकट नसते. दार उघडताना काच स्वतःहून थोडी खाली सरकते आणि रबरातून सुटते. करंट नसेल तर ती सरकत नाही. तेव्हा दार ओढून काढू नका. शक्य झालं तर काचेला हलकं आत-खाली धरत, दार हळू हळू सोडवा. झटका दिलात की रबर फाटतं, नाहीतर काच तडकते, आणि ती काच मागवून येईपर्यंत महिना जातो.

दारं वर उघडणाऱ्या गाड्यांचं आणखी वेगळं. २०२५ मध्ये भारतात आलेल्या एमजी सायबरस्टरची दारं मोटरने वर जातात आणि अडथळा दिसला की थांबतात. दार अर्ध्यात थांबलं तर आधी वरचं छत, बाजूची भिंत, शेजारची बुलेट बघा.

बाहेरून बारा व्होल्ट पुरवायची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, कारण बॉनेटही बटणावरचं असल्याने बॅटरीपर्यंत हातच पोचत नाही. लाल वायर पॉझिटिव्हला, काळी बॉडीच्या सांगितलेल्या जागेला. केशरी वायरला कोणत्याही परिस्थितीत हात लावायचा नाही, तिच्यात शेकडो व्होल्ट असतात. उघडल्यावर गाडी 'रेडी'मध्ये, म्हणजे चालवायला तयार अशी सुरू करून, काही वेळ ठेवा, म्हणजे मोठी बॅटरी लहानीला चार्ज करते. चावीचा सेलच गेला असेल, तर गाडी सुरू करायला चावी मॅन्युअलमधल्या खुणेच्या जागी टेकवा. तिथली कॉइल चावीतली चिप सेलशिवाय वाचते.

चार्जिंगची गन अडकली तर ओढाताण नको. गन गाडीच्या लॉकने धरलेली असते. आधी चार्जिंग थांबवा, मग गाडी अनलॉक करा, थोडं थांबा, गन सरळ धरून काढा.

इतकं करूनही जमलं नाही तर कंपनीला फोन लावा आणि नेमकं सांगा: दुसऱ्या चावीने काय झालं, बटण आणि हँडल यातलं काय चाललं, बारा व्होल्टचा आकडा किती, स्क्रीनवर कोणता मजकूर आला त्याचा फोटो. चावी हरवली असेल तर उरलेली चावी आणि कागदपत्रं घेऊन जा आणि हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून काढायला लावा. गाडी न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा, चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका.