हेडलाइट मंद पडतेय? नवा बल्ब घेण्याआधी या चुका टाळा

पावसात, घाटात, समोरून ट्रक येत असताना मंद हेडलाइट किती जीवघेणी ठरते हे रात्री गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. तरी पहिला सल्ला मिळतो तो बल्ब बदलण्याचा. हॅलोजनवाल्या जुन्या गाड्यांत बऱ्याचदा बल्ब धडधाकट असतो. बॅटरीतलं व्होल्टेजच त्याच्यापर्यंत पूर्ण पोचत नाही. स्विच, फ्यूज, कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लग), बारीक वायर, गंजलेलं अर्थिंग (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याची वाट), सगळे वाटेत थोडं थोडं व्होल्टेज खातात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड जवळपास ३० टक्के जातो. दीड व्होल्ट म्हणजे किरकोळ, असं समजू नका.

चूक पहिली: कपलर काढून व्होल्टेज मोजणं

सगळ्यात जास्त फसवणारी चूक हीच. बल्बचा कपलर ओढून काढायचा, त्यात मल्टिमीटरच्या पिना लावायच्या आणि १२.६ दिसले की ‘सप्लाय बरोबर आहे’ म्हणून मोकळं व्हायचं. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, आणि करंट वाहिला नाही तर ड्रॉप, म्हणजे वाटेत होणारी व्होल्टेजची घट, कुठून दिसणार? आतून तुटत तुटत एकाच तारेवर उरलेली वायरही या परीक्षेत पास होते. कंटिन्युइटीची शिट्टी (वायर अखंड असली की वाजणारी मीटरची बीप) वाजवून बघणाऱ्यांचंही तेच होतं.

म्हणून बल्ब जागेवर, लाइट चालू, इंजिन चालू आणि थोडी रेस. एच-४ या दोन फिलामेंटच्या हॅलोजन बल्बची डिपर (खालच्या झोताची) बाजू ५५ वॅटची, म्हणजे दोन्ही बल्ब मिळून ९ अँपिअरच्या वर करंट खेचतात. तो खेचला जात असताना कपलरच्या मागून, वायरच्या कडेने पिन आत सरकवून मोजा. वायरचं कव्हर टोचू नका. त्या भोकातून पावसाचं पाणी शिरतं आणि आतलं तांबं हिरवं पडतं. मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, हेही आधी पाहा. तशीच बॅटरीला लावलीत तर थेट शॉर्ट होईल.

चूक दुसरी: फक्त पॉझिटिव्हच्या मागे लागणं

समजा बॅटरीवर १३.९ व्होल्ट आहेत आणि बल्बच्या दोन पिनांमध्ये ११.६. वाटेत २.३ व्होल्ट गेले. आता ते नेमके कुठे गेले हे शोधायचं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी बल्बच्या डिपरच्या पिनेला. दिसेल तो आकडा म्हणजे पॉझिटिव्ह बाजूचा ड्रॉप, तो ०.९ आला असं धरा. मग लाल पिन बल्बच्या अर्थच्या पिनेला आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. इथे १.४! म्हणजे मोठा चोर अर्थिंगमध्ये.

रेडिएटरच्या चौकटीवर किंवा फेंडरच्या आतल्या पत्र्यावर हा अर्थचा बोल्ट सापडतो. बाहेरून घट्ट वाटतो, खोलल्यावर लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली तांबूस गंज आणि पांढरट-हिरवी पूड निघते. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे ठरलेलंच. पॉलिश पेपरने पत्रा आणि लग चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. ड्रॉप १.४ वरून ०.१ वर आला तर त्याच जुन्या बल्बचा उजेड ४० टक्क्यांच्या आसपास वाढेल. खर्च जवळपास शून्य.

मात्र काही जपानी मूळ डिझाइनच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो आणि बल्बला पॉझिटिव्ह थेट मिळतो. त्यात आधी वायरिंगचा नकाशा बघा, नाहीतर चांगल्या वायरलाच दोष द्याल.

चूक तिसरी: १००/९० चा बल्ब ठोकणं

१००/९० म्हणजे अपर १०० आणि डिपर ९० वॅट. वॅट वाढला की करंट वाढतो, करंट वाढला की त्याच वायरमधला ड्रॉपही वाढतो. वर स्विच तापतो, होल्डर वितळतो. ६०/५५ लाच पुरेसं व्होल्टेज द्या. त्यासाठी रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच, हा खरा उपाय: बॅटरीजवळ फ्यूज, तिथून जाड वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून बल्बला; जुना स्विच फक्त ८५-८६ ची कॉइल चालवतो. वायर किती जाड? १० अँपिअरला १ चौरस मिलिमीटरची ४ मीटर वायर सुमारे ०.७ व्होल्ट खाते, २.५ ची फक्त ०.३ च्या आसपास. रिले बसवून जुनंच अर्थिंग ठेवू नका.

एकूण ड्रॉप अर्ध्या व्होल्टच्या आसपास आला की काम झालं. इंजिन चालू असताना बॅटरीवरच १२.३ दिसत असतील तर वायरिंग उकरू नका, आधी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तपासा.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवणं मला अजिबात पटत नाही. आपल्याला पांढरा झोत दिसतो, समोरच्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि गंजलेला जोड तसाच राहतो. बल्बवर १३ व्होल्ट मिळूनही उजेड पसरट असेल तर काच आणि रिफ्लेक्टर बघा. काळवंडलेला चंदेरी मुलामा घासून परत येत नाही. पूर्ण हेडलाइट बदला आणि भिंतीसमोर गाडी उभी करून फोकस लावून घ्या.