सिकलसेलच्या पेशंटचं दिव्यांग सर्टिफिकेट कसं काढायचं, आणि टक्के कुठं कमी पडतात

2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजारही आहे. हातपाय धड दिसतात म्हणून "याला कसलं सर्टिफिकेट" म्हणणारे गावात भेटतीलच, त्यांचं ऐकू नका. एकच, एएस म्हणजे नुसता वाहक असेल तर मिळत नाही, एसएस म्हणजे खुद्द आजार असावा लागते.

फॉर्म दिव्यांग कार्डाच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, जमत नसेल तर सेतूवाला भरून देते. आधार, फोटो, झालं.

खरी अडचण जिल्हा रुग्णालयात तपासणीच्या दिवशी. माझ्या पुतण्याला घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा हाती फक्त सोल्युबिलिटीचा रिपोर्ट होता, शिबिरात बोटातून रक्त घेतात तो. तो चालत नाही, त्यानं सिकलसेल असल्याचा नुसता संशय कळते, एएस की एसएस ते कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, म्हणजे एएस की एसएस सांगणाऱ्या रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट पाहिजे. तो करून दुसऱ्यांदा गेलो तर दिव्यांगत्वाचे टक्के 40 च्या खाली आले आणि पांढरं कार्ड हाती पडलं, ज्याच्यावर पेन्शन मिळत नाही.

कारण नंतर समजलं. डॉक्टर पोराकडे पाहून टक्के देत नाहीत, दुखणं किती वेळा उठलं, किती वेळा भरती केलं, रक्त किती वेळा चढवलं, खुब्याला किंवा मेंदूला काही झालं का, हे पाहतात आणि ते सगळं कागदावर लागते. आमच्या वहिनीनं डिस्चार्ज कार्डं पावसाळ्यात भिजली म्हणून फेकून दिली होती. आणि डॉक्टरनं विचारलं कसा आहे, तर आपल्या सवयीनं बोलून गेली, "आता बरा आहे जी." पोरगा मागच्या महिन्यात चार दिवस सलाईनवर होता!

म्हणून हात जोडून सांगतो, आजपासूनच एक फाईल करा, प्रत्येक भरतीचं कार्ड, रक्ताची चिठ्ठी, हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या गोळ्यांची पर्ची, खुब्याचा एक्सरे, सगळं तारखेनं लावा आणि सगळ्यात वर एका कागदावर वर्षभरातल्या भरत्या लिहून ठेवा. वाढवून सांगू नका, पण लपवूही नका. फाईल हरवली असेल तर जिथं भरती होता तिथल्या रेकॉर्डमधून नक्कल मागा, आम्ही तशीच काढली आणि तिसऱ्या खेपेला पिवळं, म्हणजे 40 टक्क्यांच्या वरचं कार्ड मिळालं. एजंट "टक्के वाढवून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका, निकाल मान्य नसेल तर अपील करता येते.

पुढचं सोपं. मोठ्या माणसानं तहसीलच्या संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत पेन्शनसाठी 40 टक्क्यांचं सर्टिफिकेट, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, पासबुक लावून अर्ज करायचा. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिन्याला 2500 रुपये आहेत. एसटीत दिव्यांगांना, लहान पोरालाही, 75 टक्के सवलत आहे, नागपूरला न्यायला तेवढाच आधार. सर्टिफिकेटवर मुदत लिहिली असेल तर ती आत्ताच पाहून ठेवा, आणि फाईल पत्र्याच्या पेटीत.