शापोऱ्याच्या पाण्यात सरकता फ्लोट

गोव्यात शापोरा नदीवर, शिवोलीच्या जेटीवर संध्याकाळी गळाला फ्लोट, म्हणजे दोरीवरचा तरंगता तुकडा, लावून बसणारे पुष्कळ दिसतात. खोली मोजून टाकणारे थोडेच. फ्लोट दुकानातला आहे की जुन्या चपलेच्या तळव्यातून कापलेला, याचं माशाला काही नाही. आमिषाचं सुंगट (कोळंबी) तळापासून किती वर लटकतंय, तिथेच सगळं ठरतं.

नदीचं पाणी भरती-ओहोटीबरोबर सारखं वरखाली होणार. म्हणून दोरीला घट्ट बांधलेला फ्लोट मी वापरत नाही, सरकताच लावतो. मुख्य दोरीवर सुती दोऱ्याची बारीक गाठ मारायची, खाली एक मणी, मग फ्लोट, मग भोकाचं शिसं, स्विव्हल (फिरती कडी), आणि शेवटी हातभर लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा, नि गरी (गळाचा आकडा). गाठ रॉडच्या रिंगांतून आरामात निघून जाते, त्यामुळे ९ फुटी रॉडनेसुद्धा १२ फूट खोल पाण्यात आमिष सोडता येतं. लीडरमध्ये कंजुषी नको. तांबोशी हा तांबडा मासा लागला की थेट दगडांत घुसतो, आणि तिथली कालवं दोरी ब्लेडसारखी कापतात.

आता खोली. गरीला एक जड शिसं अडकवून टाका. फ्लोट बुडाला, तर पाणी जास्त आहे, गाठ वर सरकवा. आडवा पडला, तर खाली घ्या. नुसतं टोक वर राहिलं की खोली सापडली. मग गाठ वीतभर खाली घ्यायची आणि ते जड शिसं काढायचं. भरती चढत असेल तर अर्ध्या तासाने परत बघा. कंटाळवाणं काम आहे, पण मासे यानेच मिळतात.

नेहमीच्या शिशाने फ्लोटचं बोटभर टोकच पाण्यावर राहिलं पाहिजे. अर्धा फ्लोट वर तरंगत असेल तर ओढताना माशाला अडथळा जाणवतो आणि तो आमिष थुंकतो. वाऱ्याने दोरीला पोट आलं की रॉड उंच करून दोरी उचला, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका.

चणक, तांबोशी अशा मोठ्या शिकारी माशांसाठी जिवंत सुंगट, शिंगाच्या मुळाशी ओवलेलं. डोक्यातला काळा ठिपका टाळायचा, नाहीतर ते तिथेच मरतं. फ्लोट पूर्ण खाली गेल्यावरच रॉड उचला. शेवटे या माशांचा प्रकार वेगळा: पोदेराचा (पाववाल्याचा) पाव मळून वाटाण्याएवढी गोळी, १० नंबरची गरी, पेन्सिलीसारखा बारीक फ्लोट, खोली हातभर. इथे मात्र फ्लोट नुसता थरथरला तरी झटका द्यायचा.

जागा म्हणाल तर ओहोटीला मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, खालच्या अंगाला. खाजनातलं (बांध घातलेल्या खाऱ्या शेतातलं) पाणी बाहेर पडतं, त्यासोबत बारीकसारीक खाणं येतं, आणि मोठे मासे वाट बघत असतात. पण मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव झालेला असतो. जाळं लावलेलं दिसलं तर लांब बसा. वेळेसाठी तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास, हा जुना हिशेब गोव्यात अंदाजापुरताच. मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक बघा आणि आत नदीत पाणी थोडं उशिरा चढतं हे धरून चला.

शिंगाळा हा काटेवाला मासा लागला तर हाताने धरू नका, पकडीने गरी सोडवा. काटा लागलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, आणि सूज चढू लागली तर सरळ डॉक्टरकडे.