जर्मनीत शिकताना जेवणाचं आणि वजनाचं टेन्शन

पहिल्या हिवाळ्यात वजन जरा हललं की जीव घाबरा होतो. बर्लिनमध्ये डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो. चालणं कमी होतं, भूक अवेळी लागते. म्हणून वजनकाटा खोलीत ठेवूच नका, त्यापेक्षा रोजचं एक जेवण पक्कं करा. तुर्की दुकानात लाल मसूरडाळ मिळते. कुकर नसला तरी ती पातेल्यात 20 मिनिटांत शिजते. फोडणी मंद आचेवर, खिडकी उघडून द्या, नाहीतर स्मोक अलार्म वाजतो. रविवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच डाळ-तांदूळ, अंडी, दही भरून ठेवा. रिकाम्या फ्रिजसमोर उभं राहिलं की घर फार आठवतं हो.

व्यायामाला महागडी जिम नको. विद्यापीठाच्या 'होखशूलश्पोर्ट'मध्ये बॅडमिंटन, योगाचे वर्ग स्वस्तात असतात. नोंदणी सुरू होताच नाव घाला, जागा पटापट भरतात.

जेवण टाळणं, खाल्ल्यावर अपराधी वाटणं आठवडाभर चाललं, तर श्टुडिरेंडनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयीसुविधा पाहणाऱ्या संस्थेच्या, समुपदेशकाशी बोला. बहुतेक ठिकाणी ते मोफत असतं आणि गोष्ट बाहेर जात नाही. आईलाही सांगा. तिच्या "जेवलीस का?"ला दरवेळी "हो" म्हणायलाच हवं असं नाही.